अंधार खात्याची चौकशी

सरावलीच्या आमच्या बिल्डिंगला टपाल येतं ते दोनच प्रकारचं. एक वीज कंपनीचं आणि दुसरं चुकून आलेलं. त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पोस्टमन तीन जिने चढून आला, 'बळवंत हरिश्चंद्र चुरी आपणच ना?' म्हणाला आणि त्याने सहीसाठी कागद पुढे केला, तेव्हा मी लगेच सही केली नाही. आधी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. पाकीट जाड होतं. जाड पाकिटातून आजवर मला चांगली बातमी आलेली नाही.

पत्र होतं 'रजतछाया औद्योगिक संग्रहालय, तारापूर' यांचं. रजतछाया म्हणजे फोटोची फिल्म बनवणारा कारखाना. तिथे मी एकोणतीस वर्षं नोकरी केली. मग जग फोनवर फोटो काढायला लागलं आणि २००९ साली कारखाना बंद पडला. पुढची पंधरा वर्षं तिथे गवत आणि कुत्री यांचंच राज्य होतं. गेल्या वर्षापासून मात्र कानावर येत होतं, की कुठल्याशा ट्रस्टने इमारत घेतली आणि तिथे संग्रहालय काढलं. माझा विश्वास बसला नव्हता. तारापूर एमआयडीसीत माणूस येतो तो कामाला येतो. बघायला कोण येईल, आणि का येईल? आणि येतच असेल, तर त्याच्या मनात दुसरं काय आहे?

पत्रात लिहिलं होतं, "'अंधारातली माणसं' या दालनात आपल्या नावाचा उल्लेख आहे. फलक छपाईला जाण्यापूर्वी आपण प्रत्यक्ष येऊन मजकूर तपासावा. तीस दिवसांत हरकत न आल्यास मजकूर आपल्याला मान्य आहे असे समजण्यात येईल."

"सत्कार असेल," दमयंती म्हणाली. दमयंती ही माझी पत्नी. माहेर एडवणचं. तिच्या स्वभावात संशय नाही, त्यामुळे घरातला दोघांचा संशय मला एकट्याला घ्यावा लागतो.

"सत्काराला हरकती मागवत नाहीत," मी म्हणालो.

"मग काय असेल?"

मला एकच कारण दिसत होतं, आणि ते कारण दांडी गावात राहत होतं. त्याचं नाव जानू तामोरे.

जानू आणि मी रजतछायात अंधार खात्यात होतो. रंगीत फिल्मला कसलाच उजेड चालत नाही. लाल नाही, हिरवा नाही. त्यामुळे आठ तास मिट्ट काळोखात काम. सतरंजीएवढा रुंद रोल यंत्रावर चढवायचा, त्याच्या पट्ट्या पाडायच्या, डब्यांत भरायच्या, सगळं हाताने चाचपून. एकमेकांवर आपटू नये म्हणून चालताना तोंडाने आवाज करायचा. मी शीळ घालायचो. जानू 'हो, हो' करत चालायचा, धुक्यात होडीवर करतात तसा. अकरा वर्षं आम्ही असे शेजारी शेजारी चाललो आणि एकदाही आपटलो नाही. एकमेकांचा चेहरा आम्ही फक्त जेवणाच्या सुट्टीत बघायचो.

मग एप्रिल १९९८ मध्ये एक अख्खा रोल वाया गेला. फिल्मवर पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत पांढुरकं धुकं आलं. म्हणजे खोलीत कुठून तरी उजेड शिरला होता. त्या पाळीला खोलीत दोनच माणसं होती. चौकशी झाली, काही निष्पन्न झालं नाही, म्हणून दोघांनाही मेमो मिळाला आणि दोघांनाही अंधारातून काढून पॅकिंगमध्ये टाकलं, वेगवेगळ्या पाळ्यांना. मी काही केलं नव्हतं हे मला ठाऊक होतं. दोन माणसांतून मी वजा झालो, तर उरतो कोण? शिवाय जानू बिडी ओढायचा. त्यानेही घरी बसून हीच वजाबाकी केली असणार. तेव्हापासून सव्वीस वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. बोईसरच्या बाजारात समोरून आलो, तर तो भाजी बघायचा आणि मी भांडी.

आता हा सगळा प्रकार कुणीतरी फलकावर लावणार होतं. कुणाच्या सांगण्यावरून, हे वेगळं सांगायला नको.

मी पत्र घेऊन शेजारच्या ललित साव्यांकडे गेलो. हे माझं चुकलं. सावे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. कुठलाही कागद समोर आला की ते तो आधी उजेडाकडे धरून बघतात.

"फिल्ममध्ये चांदी असते की नाही?" त्यांनी विचारलं.

"असते."

"तीस वर्षं कारखाना चालला. चांदी सांडली असेल की नाही?"

"थोडीफार सांडली असेल."

"मग संग्रहालय कशाला काढतायत ते समजून घ्या," सावे म्हणाले. "जमिनीखालची चांदी काढायची आहे. उद्या कमी भरली, तर कोणाच्या तरी नावावर टाकायला हवी. म्हणून जुने लोक गोळा करतायत. तुमच्या घरात कंपनीची एखादी वस्तू आहे का?"

मी नाही म्हणणार होतो. पण त्याच वेळी दमयंती लोणच्यासाठी मीठ लावलेल्या कैऱ्या उन्हात ठेवायला गॅलरीत आली. कैऱ्या होत्या त्या स्टीलच्या दोन मोठ्या ट्रेमध्ये, आणि ट्रेवर ठसठशीत अक्षरांत 'रजतछाया' असं कोरलेलं होतं. कारखाना बंद झाला त्या आठवड्यात प्रत्येकाने काही ना काही घरी नेलं होतं. कुणी खुर्ची, कुणी घड्याळ. मी ट्रे नेले. सोळा लोणची झाली त्यात, कधी मनात काही आलं नाही. आता साव्यांनी ट्रेकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मला ते पहिल्यांदा दिसले.

"आज संध्याकाळच्या आत हलवा," सावे म्हणाले.

दमयंतीने कैऱ्या परातीत काढायला पाऊण तास लावला. मी ट्रे चादरीत गुंडाळून स्कूटरच्या पायाशी उभे केले आणि एडवणला निघालो. तिथे दमयंतीचा भाऊ भगवंत राहतो. त्याची चिकूची वाडी आहे. तिथल्या झोपडीत ते कोणाला दिसले नसते. मी भगवंतला सांगितलं, "चार दिवस राहू दे. कुणाला बोलू नको." माणसाला 'कुणाला बोलू नको' असं सांगणं म्हणजे काय, हे माझ्या वयाच्या माणसाला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एडवणमध्ये अशी बातमी होती, की जावयाने तारापूरच्या कारखान्यातून चांदी आणून वाडीत लपवली. तिसऱ्या दिवशी भगवंतचा फोन आला. तो शांत माणूस आहे.

"भावोजी, गावातले सोनार येऊन गेले. घासून बघितलं. स्टीलच निघालं."

"मी कधी चांदी म्हणालो होतो?"

"नाय म्हणालात. म्हणूनच लोकांना वाटलं."

ट्रेच्या एका कोपऱ्यातला 'रजत' घासण्यात अर्धा गेला होता. आता तो ट्रे दान करायलाही उपयोगाचा राहिला नव्हता.

तोवर साव्यांनी माझ्या वतीने हरकतीचा मसुदा तयार केला होता. मी एक पान सांगितलं होतं. ते पाच पानांचं झालं. त्यात मी 'प्रस्तुत अर्जदार' होतो आणि जानू 'सदर गैरअर्जदार' होता. प्रस्तुत अर्जदाराने एकोणतीस वर्षं निष्कलंक सेवा केली असून सदर गैरअर्जदारास धूम्रपानाचे व्यसन होते, ही बाब सर्वश्रुत आहे, वगैरे. वाचताना मला स्वतःबद्दल फार आदर वाटला. चौथ्या पानावर तर डोळ्यांत पाणी आलं.

हे पाच पानी शस्त्र घेऊन मी एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी रजतछायाच्या गेटवर पोचलो. गेट तेच होतं. रंग नवा. आत चौकीत चंद्रभान नावाचा रक्षक बसला होता. त्याने एक फॉर्म पुढे केला. त्यात तीन चौकोन होते. दर्शक, दाता, माजी कर्मचारी.

"अंकल, आप किस में आते हैं?"

मी 'माजी कर्मचारी' वर खूण केली. ती करताना जरा मान ताठ झाली.

"सर्विस का दाखला?"

दाखला नव्हता. कारखाना बंद झाला तेव्हा दाखले द्यायला कोणी उरलंच नव्हतं. मी त्याला तसं सांगितलं. चंद्रभानने आत फोन केला आणि उत्तर आणलं. दाखला कंपनीच्या जुन्या दप्तरातून मिळेल. दप्तर आता संग्रहालयात आहे. ते बघायचं तर पास लागेल. आणि पास कुणाला मिळतो? माजी कर्मचाऱ्याला. दाखला दाखवल्यावर.

मी त्याला संग्रहालयाचं पत्र दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "इसमें बुलाया नहीं है अंकल. इसमें सिर्फ बताया है."

'दाता' व्हावं, तर द्यायला काहीतरी हवं. माझे ट्रे एडवणला, आणि त्यांतला एक घासलेला. 'दर्शक' व्हावं, तर दर्शक किमान दहाच्या गटात हवे. ज्या इमारतीच्या काळोखात मी डोळे मिटून चालत होतो, तिच्या दारात मला नऊ माणसं गोळा करायला सांगण्यात येत होतं. मी उन्हात उभा राहिलो. शर्टाची वरची तीन बटणं उघडली. अकरा वाजले. साडेअकरा झाले. या अपमानाबद्दल हरकतीत सहावं पान घालावं, असं मी मनाशी ठरवलं.

पावणेबाराला पालघरहून कॉलेजच्या मुलामुलींची बस आली. त्यांच्या शिक्षिका दीपा मॅडम म्हणाल्या, "आमची दोन मुलं आज आली नाहीत. त्यांच्या जागी चला ना काका." अशा रीतीने मी माझ्या कारखान्यात शिरलो. आत शिरताना चंद्रभानने माझ्या खिशावर एक गोल कागद चिकटवला. त्यावर 'विद्यार्थी' असं लिहिलं होतं.

दोन मुलं आली नाहीत, असं मॅडम म्हणाल्या होत्या. त्यातली दुसरी जागा कोणाला गेली, हे मला दालनात शिरल्यावर कळलं. तिथे बाकावर एक म्हातारा बसला होता. पायजमा, पांढरा शर्ट, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. खिशावर 'विद्यार्थी'. जानू तामोरे माझ्याकडे बघत होता. या वेळी बघायला भाजी नव्हती.

"चुरीसाहेब," तो म्हणाला, "तुमी पण कंप्लेंट आणली?"

"हरकत," मी म्हणालो.

"किती पानं?"

"पाच."

त्याने आपली पिशवी जरा मिटली. त्याची दोन असावीत.

संग्रहालयाच्या व्यवस्थापक प्रियदर्शिनी मॅडम आम्हाला फलकाकडे घेऊन गेल्या. तिशीच्या, हसऱ्या, आणि प्रत्येक गोष्टीचं त्यांना फार कौतुक. म्हणून मी त्यांच्याबाबत विशेष सावध होतो. फलक अजून कच्चा होता, पुठ्ठ्यावर. काचेखाली त्या वाया गेलेल्या रोलचा हातभर तुकडा. वर दोन ओळखपत्रांचे फोटो शेजारी शेजारी, माझा आणि जानूचा. खाली मजकूर. "१९९८ सालच्या या दुर्घटनेचं कारण आजतागायत अज्ञात आहे. त्या पाळीतील कर्मचारी: बळवंत चुरी, जानू तामोरे." बस्स. ना माझ्याविरुद्ध शब्द, ना त्याच्याविरुद्ध.

पण फलकाच्या बाजूला एक पेटी होती. पेटीवर लिहिलं होतं, 'तुम्हाला काय वाटतं?'

"हा भाग सगळ्यांना खूप आवडतो सर," प्रियदर्शिनी म्हणाल्या. "बघणारे चिठ्ठी टाकतात. सध्या तुम्ही तीनशे अठरा आणि तामोरेकाका एकशे नव्वद."

"तीनशे अठरा म्हणजे?"

"म्हणजे तितक्यांना वाटतं, तुमच्यामुळे झालं. मुलं म्हणतात, फोटोत तुमचा चेहरा काहीतरी लपवल्यासारखा दिसतो."

 जानूने आपली पिशवी उघडली आणि कागद आणखी आत सरकवले, म्हणजे आता त्यांची गरज उरली नाही असं.

मी तो फोटो जवळून बघायला वाकलो. कुठेही वाकायचं झालं की मी गळ्यातलं लॉकेट मागे पाठीवर टाकतो. काळ्या गोफात ओवलेलं आहे, पुढे लोंबतं आणि आपटतं. ते हाताने मागे टाकलं आणि चांगली पाच मिनिटं वाकून मी माझा चाळीस वर्षांचा चेहरा तपासला. डोक्यावर दालनाचा झगझगीत दिवा होता. चेहऱ्यात मला लपवल्यासारखं काही दिसलं नाही. मिशी जरा जास्त होती इतकंच.

त्यानंतर शेवटचा भाग होता, आमची जुनी खोली. अंधार कसा होता, हे बघणाऱ्यांना कळावं म्हणून ती तशीच ठेवली होती. दारात एका टोपलीत सगळ्यांचे मोबाईल, घड्याळं, चमकणारी पट्टी असलेले बूटसुद्धा काढून घेतले. मग दार लागलं.

पहिली दोन मिनिटं मुलं खिदळली. मग गप्प झाली. काळोख जाड असला की हसू आपोआप बंद होतं. मी मात्र न कळत चालायला लागलो. दारापासून यंत्रापर्यंत तेरा पावलं, मग डावीकडे सहा. तोंडातून शीळ गेली. मी ती घातली नव्हती, ती गेली. आणि समोरून, यंत्राच्या पलीकडून, हळूच उत्तर आलं, "हो... हो."

आम्ही दोघंही लगेच थांबलो. पण शीळ आणि 'हो' खोलीत झालेलं होतं, ते काही परत घेता येत नव्हतं.

तेवढ्यात प्रियदर्शिनींचा आवाज आला. "कोणाकडे मोबाईल राहिलाय का? मला हिरवं काहीतरी दिसतंय."

सगळ्यांनी नाही सांगितलं.

"आहे. बघा, हलतंय. उजवीकडे चाललंय."

मी गर्रकन वळून बघितलं. मला काहीच दिसलं नाही. पण प्रकार गंभीर होता, आणि त्या खोलीत अधिकाराने बोलेल असा मीच होतो. मी सुरुवात केली. "मुलांनो, ही खोली म्हणजे खेळ नव्हे. इथे उजेडाचा एक ठिपका शिरला, तर लाखो फोटो जन्माला यायच्या आत मरत. आम्ही काडेपेटी बाहेर ठेवायचो. पांढरे दात दिसतात म्हणून हसायचो नाही. ज्याने कोणी काही आत आणलं असेल, त्याने पुढे येऊन कबूल करावं. लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज लपवण्यात असते."

मी असं दोन-तीन मिनिटं बोललो. चांगलं बोललो. मुलं शांत होती, फक्त एक मुलगी एकदा हुंदका दिल्यासारखी फसकन हसली. मग अगदी माझ्या मागून जानूचा आवाज आला.

"बळवंता, हलू नको."

सव्वीस वर्षांत मी पहिल्यांदा त्याच्याकडून माझं नाव ऐकलं. मी हललो नाही. माझ्या पाठीवरचा गोफ कुणीतरी दोन बोटांनी उचलला.

"ह्ये काय हाय?"

"लॉकेट."

"कसलं?"

"महालक्ष्मीचं. डहाणूच्या जत्रेतलं."

"रेडियमचं?"

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. जत्रेत विकणाऱ्याने काही तरी म्हटलं होतं, पण मी देवीकडे बघून घेतलं होतं, गुणांकडे बघून नव्हे. मी गोफ पुढे ओढला. माझ्या मुठीत महालक्ष्मी हिरवट उजेडात शांत बसली होती.

"कवा घेतलंस?" जानूने विचारलं.

मी मूठ मिटून घेतली.

"बळवंता, कवा?"

"अठ्ठ्याण्णव."

"चैत्रातली जत्रा?"

"चैत्रातली."

"म्हंजे एप्रिल."

मी हो म्हणालो. माझ्या आवाजात पाच पानांपैकी एकही पान उरलं नव्हतं. सगळं एकदम समोर उभं राहिलं होतं. जत्रा रविवारी झाली. सोमवारी सकाळच्या पाळीला मी नवं लॉकेट घालून उन्हातून आत आलो. रोल चढवायला वाकलो, आणि फिल्मला ओरखडा जाऊ नये, या अत्यंत जबाबदार विचाराने लॉकेट पाठीवर टाकलं. मग रोलकडे पाठ करून डबे भरत बसलो, तासन् तास. जानू यंत्राच्या पलीकडे होता, त्याला दिसणं शक्य नव्हतं. मला तर नव्हतंच, कारण माझी पाठ मला कोण दाखवणार? आणि त्या दिवसानंतर आम्ही दोघंही कधी अंधारात गेलोच नाही.

 काळोखात गप्प माणूस नेमका कुठे उभा आहे ते कळत नाही, त्यामुळे मी जरा घाबरलोही होतो.

"मी बिडी सोडली," जानू शेवटी म्हणाला. "लोक बोलायचे, जानूनं बिडी पेटवली असंल. म्हून सोडली. तवापासून एक ओढली नाय."

"तब्येतीला चांगलंच झालं," मी म्हणालो. हे त्या वेळी बोलण्यासारखं नव्हतं.

दार उघडलं. उजेडात सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. प्रियदर्शिनींच्या डोळ्यांत मात्र आनंद मावत नव्हता. "सर, हे फार मोठं आहे. सव्वीस वर्षांनी कारण सापडलं. हे लॉकेट आम्हाला फलकाखाली ठेवायचंय."

लॉकेट द्यायला मी तयार झालो. दुसरं काय करणार? त्या पेटीतल्या तीनशे अठरा लोकांना इतकं चांगलं कळतं, हे कबूल करणं जास्त कठीण होतं. पण दानाच्या अर्जात एक रकाना होता, 'घटनेच्या वेळी हजर असलेल्या साक्षीदाराची सही व अभिप्राय'. असा साक्षीदार जगात एकच होता. जानूने अर्ज घेतला, हातभर लांब धरून वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"घरी नेतो. येसूबाईला सांगायला लागंल. ती म्हणंल तवा सही."

येसूबाई ही त्याची बायको. मी घरी आलो आणि दमयंतीला सगळं सांगितलं. ती कैऱ्या चाळवत होती.

"चमकतं ते मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "रात्री बनियनच्या आतून दिसतं."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुमच्या गळ्यात आहे, तर तुम्हाला ठाऊक असेल. आणि तुम्ही कधी लॉकेटबद्दल विचारलंत? सव्वीस वर्षं तुम्ही जानूभाऊंनी काय केलं असेल, एवढंच विचारत होतात."

साव्यांकडे गेलो. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "ते लॉकेट जत्रेत तुम्हाला विकणारा माणूस दांडीचा होता का, हे आधी तपासा." त्या दिवशी मला पहिल्यांदा साव्यांची भीती वाटली, कारण क्षणभर मी खरंच विकणाऱ्याचा चेहरा आठवायला लागलो होतो.

पुढच्या रविवारी सकाळी दमयंती आणि मी दांडीला गेलो. जानूच्या घरासमोर बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते. येसूबाई खाली बसून सुकी मासळी निवडत होती. तिने आम्हाला बसा म्हटलं नाही, पण दमयंतीकडे एक पाट सरकवला. जानू ओटीवर अर्ज घेऊन बसला होता.

मी उभाच राहिलो. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा म्हणून पाहिलं होतं. त्यातलं काहीच आलं नाही.

"वैनी," मी म्हणालो, "चूक माझी होती. मी विनाकारण जानूवर संशय घेतला."

येसूबाईने हातातला बोंबील बाजूला ठेवला.

"मी पण घेतला," ती म्हणाली. "सव्वीस वर्सं तुमाला शिव्या दिल्या मी. सणावाराला पण दिल्या. मधीमधी जिवाला लागायचं, का त्या माणसानं काय केलंच नसंल, तर ह्या शिव्यांचं पाप माज्या माथ्यावर. झोप लागायची नाय." तिने सावकाश श्वास सोडला. "आता बरं वाटलं. एक पण वाया गेली नाय."

दमयंतीने पदर तोंडाला लावला. ती रडत नव्हती.

मग येसूबाई जानूला म्हणाली, "कर सही."

जानूने सही केली. मग अभिप्रायाच्या रकान्यात लिहायला लागला. फार वेळ लिहीत होता. सहीला एवढा वेळ लागत नाही. माझ्या मनात पुन्हा पाल चुकचुकली आणि मी जरा वाकून बघायला गेलो. त्याने डावा हात कागदावर आडवा धरला, परीक्षेत धरतात तसा. लिहून झाल्यावर त्याने अर्ज माझ्या हातात दिला.

"काय लिवलंय?" येसूबाईने विचारलं. "मला वाचता येत नाय. चुरीभाऊ, मोठ्यानं वाचा."

मी चष्मा लावला आणि वाचलं.

"रोल बळवंत चुरी याने खराब केला. जानू तामोरे याने नाही. बळवंतला ते माहीत नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. बाकी माणूस कामाला चांगला होता. मी त्याच्याबरोबर अकरा वर्षे अंधारात चाललो आणि एकदाही धक्का लागला नाही."

मी कागद खाली केला. माझा चष्मा ओला झाला होता, त्याला दांडीची खारी हवा कारण असावी. जानू समुद्राकडे बघत होता. मांडवावर दोन कावळे उतरले होते, पण त्यांना हाकलायला कोणी उठलं नाही.

"परत वाचा," येसूबाई म्हणाली. "पहिलं वाक्य जरा सावकाश."

मी परत वाचलं.